मीठ पाणी

आमच्या जालना जिल्ह्यातून समुद्र कुठूनही दिसत नाही. तरी माझ्या नोकरीची उमेदीची वर्षं समुद्राच्या पाण्याची काळजी करण्यात गेली. हे सांगितलं की माणसं आधी हसतात, मग हळूच विचारतात, "मंग झिंगे पाळत होत्या का मॅडम?" झिंग्यांच्याच कुळातले, पण खसखशीच्या दाण्याएवढे. त्यांना कोपेपोड म्हणतात. रंग नारिंगी. काचेच्या परातीत शंभरेक सोडले तर वाटतं, कोणीतरी तिखटाची चिमूट सांडली आणि ती पळायला लागली.

दिवाळी अंकासाठी नोकरीतल्या गमतीजमती लिहा, असं संपादकांनी सुचवलं. गमती आहेत. पण एक गोष्ट गमतीची नाही, आणि ती सांगितल्याशिवाय बाकीच्या सांगायचं मन होत नाही.

आधी धंदा समजावून सांगते. कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर, भरतीचं पाणी जिथवर चढतं त्याच्याही थोडं वर, खडकांत खळगे असतात. कोणता परातीएवढा, कोणता वाटीएवढा. लाट तिथं रोज पोचत नाही, नुसते शिंतोडे उडतात. त्या पाण्यात हे जीव राहतात. दुपारी खडक तापला की पाणी गरम होतं आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. पाणी उडून जातं, मीठ उडत नाही. उरलेलं पाणी खारट होत जातं, कडेला पांढरी पापडी धरते. पावसाळ्यात उलटा प्रकार. पावसाचं हलकं पाणी वर राहतं, खारं जड पाणी तळाशी, आणि हे खाली जाऊन बसतात. समुद्रातल्या माशाला असलं काही सोसावं लागत नाही. ह्यांना जन्मभर तेच. कुठवर सोसतात, कुठं हात टेकतात, हा माझ्या पीएचडीचा विषय होता.

विषय सरांनी दिला होता. आमचे विभागप्रमुख सर. मी तेव्हा तालुक्याच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवायची. म्हणजे जितके तास तितकी नोकरी, आणि दर वर्षी जूनमध्ये पुन्हा मुलाखत. पीएचडी झाली तर कायम होण्याची आशा. सर म्हणाले, "मॅडम, आपल्याकडं उन्हाळा फुकट मिळतो. ह्या जीवांना आणा इथं. बघू तर खरं, जालन्याचा मे महिना सोसतात का."

आणायचे म्हणजे मीच आणायचे. पाठीला सॅक, दोन हातांत दोन कॅन. परतूर स्टेशनला उतरले तर एका पोलिसानं अडवलं. "बाई, काय हाय डब्यात?"

"समुद्राचं पाणी."

"खरं सांगा. ताडी हाय ना?"

मी झाकण उघडून दिलं. त्यानं ओंजळीत घेऊन चाखलं आणि फलाटावरच थुंकला. "मायला, खरंच की! पर कायला आणून राह्यल्या? हितं पाणी कमी हाय म्हणून?"

एकदा टेंभुर्णीचे एक बागायतदार शेततळ्याच्या पाण्याची बाटली घेऊन थेट प्रयोगशाळेत आले. मॅडम झिंगे करतात असं त्यांनी ऐकलं होतं. मी भिंगाखाली माझे कोपेपोड दाखवले. बराच वेळ डोळा लावून बसले आणि म्हणाले, "हे सोलायचे कसे?" न्हाई सोलायचे, फक्त बघायचे, म्हटल्यावर उठले, बाटली उचलली. जाताना दारातल्या शिपायाला म्हणाले, "शिकलेल्या माणसाचं काय सांगावं बाबा."

तो दारातला शिपाई म्हणजे रशीदचाचा. कंत्राटदाराकडून लागलेले. उर्दू शाळेत चार इयत्ता झालेल्या, नंतर सगळं आयुष्य हमाली आणि शिपाईगिरी. आमच्या व्हरांड्यात काचेच्या बरण्यांत जपून ठेवलेले प्राणी होते. शाळेची पोरं बघायला येत म्हणून त्यांच्याखाली मी मराठीत मोठ्या अक्षरात नावं लिहून लावली होती. एक दिवस चाचा फडकं हातात घेऊन एका बरणीपुढं उभे. "मॅडम, ये 'डारस' कोणतं जनावर?"

मला कळेना. जाऊन बघितलं. सरडा! उर्दूच्या सवयीनं त्यांनी उजवीकडून वाचलं होतं. मी पोट धरून हसले, तेही हसले. "उलटा चला क्या मैं?" मग मीच म्हटलं, चला शिकवते. मधल्या सुट्टीत एकेक बरणी. खेकडा, गांडूळ, विंचू. वेलांटीनं त्यांना फार छळलं, जोडाक्षरानं तर रडवलं. पण दिवाळीपर्यंत चाचा दुकानांच्या पाट्या वाचायला लागले. रस्त्यानं जाताना मोठ्यानं वाचत. "शि-व-श-क्ती कृ-षी कें-द्र. बराबर ना मॅडम?" माणसं बघत, पण त्यांना त्याची फिकीर नव्हती. साठीच्या जवळ आलेल्या माणसाला पाटी वाचून इतका आनंद झालेला मी तोवर बघितला नव्हता. नोकरीत मी खूप पोरं शिकवली, पण माझ्या शिकवण्याचा असा डोळ्यांनी दिसणारा फायदा तेवढाच.

पुढचा उन्हाळा आला आणि माझी झोप गेली. वडिलांनी जन्मभर मेंढरं राखली. पाऊस, लांडगा, रोग, सगळ्याची धास्ती. मला वाटायचं, आपण शिकलो, सुटलो ह्यातून. पण कोपेपोड राखताना धास्ती तीच. सकाळी कॉलेजच्या फाटकातून आत येतानाच एकच विचार. आज किती मेले असतील? पहिल्यांदा मी हुशारी करून पराती कूलरसमोर ठेवल्या. पाणी थंड झालं खरं, पण कोरड्या वाऱ्यानं संध्याकाळपर्यंत दोन बोटं आटलं आणि खारटपणा वाढला. मग कूलर बंद करून पराती ओल्या वाळूत बसवल्या, माठ बसवतात तशा. परातीच्या काचेवर लाल नेलपॉलिशनं रेघ ओढली. पाणी रेघेखाली गेलं की गोडं पाणी घालून पुन्हा रेघेला आणायचं. मीठ जागच्या जागी असतं, उडालेलं पाणी तेवढं परत द्यायचं. एवढं साधं. पण ते रोज, न चुकता करायचं.

टेबलाखाली दोन डबे होते. एकात हे भरणीचं गोडं पाणी, म्हणजे डिस्टिल्ड वॉटर. त्यावर कंपनीचं इंग्रजी छापलेलं. दुसऱ्या पांढऱ्या डब्यात मी प्रयोगासाठी मुद्दाम घट्ट केलेलं मिठाचं पाणी. इतकं खारट की बोट बुडवून वाळलं तर पांढरं व्हायचं. त्या डब्यावर मी मार्करनं लिहिलं: मीठ पाणी. 'खारं पाणी' लिहिलं नाही, कारण आमच्याकडं खारं पाणी म्हणजे बोअरचं पाणी. ते नळालाही येतं. कोणी डबा रिकामा बघून नळाचं भरून ठेवलं असतं. म्हणून डोकं चालवून 'मीठ पाणी'. आणि मराठीत लिहिलं ते चाचांसाठी. आता त्यांना वाचता येतं, ह्याचं मलाच कौतुक.

मे महिन्यात विद्यापीठात प्रगती अहवाल सादर करायला जायचं होतं. कॉलेजला सुट्टी. पाणी भरायचं काम मी कधी कोणाला दिलं नव्हतं. चाचांना म्हटलं, नुसतं लक्ष ठेवा, काही झालं तर फोन करा. तिथं काम लांबलं, मुक्काम वाढला. विद्यापीठाच्या व्हरांड्यात माझं नाव पुकारायची वाट बघत होते, हातात कागद, आणि फोन वाजला.

"मॅडम, पानी रेघ के नीचे गेलं."

"थोडं टाका चाचा. रेघेपर्यंत."

"कोणतं टाकू?"

"गोडं. गोडं टाका."

"क्या? आवाज कटरा."

"गोडं पाणी!"

"मीठा ना?"

"हां हां, मीठा. मीठा टाका. रोज टाका." आतून माझं नाव पुकारलं. मी फोन ठेवला.

आता तुमच्या लक्षात आलंच असेल. चाचांच्या बोलीत गोड्या पाण्याला मीठा पानी म्हणतात. ते टेबलाखाली वाकले, इंग्रजी डबा त्यांच्या कामाचा नव्हता, दुसऱ्यावर माझ्या अक्षरात लिहिलं होतं. त्यांनी ते वाचलं. जे शोधत होते ते सापडलं. एक काना तेवढा नव्हता.

परत आले ती सकाळ अजून माझ्या अंगावर येते. पराती रेघेपर्यंत भरलेल्या, वाळू ओली, फरशी पुसलेली, सगळं नीट. आणि पाण्यात हालचाल नाही. नारिंगी ठिपके तळाशी पडलेले, अंग आक्रसून. बोट बुडवून जिभेला लावलं. जीभ चरचरली. खाली वाकून बघितलं, पांढरा डबा अर्धा रिकामा. त्यावर माझं अक्षर. मला तिथल्या तिथं सगळं कळलं. फोन, 'मीठा ना', 'हां हां', सगळं.

जिन्यावर सरांच्या चपलांचा आवाज आला. मी काय केलं ते सांगते. स्पिरिटचा बोळा घेतला आणि डब्यावरची अक्षरं पुसली. विचार करून केलं असं म्हणवत नाही, विचार न करता केलं असंही म्हणवत नाही. जून तोंडावर होता. मुलाखत घेणाऱ्यांत सर होते, आणि ती अक्षरं त्यांनी बघितली असती तर फोनवरचं माझं 'मीठा' उघडं पडलं असतं.

सरांनी पराती बघितल्या. चाचांना हाक मारली.

"काय टाकलंत ह्यात?"

"मीठा पानी साहब. मॅडम फोन पे बोले. डब्बे पे लिखेला था, पढ़ के डाला."

सरांनी डबा टेबलावर ठेवला. "कुठं लिहिलंय? दाखवा."

चाचांनी डबा फिरवला. एकदा, दोनदा. मग वर बघितलं, माझ्याकडं.

"मॅडम, लिखेला था ना?"

मी म्हणाले, "मला आठवत न्हाई चाचा."

सर त्यांच्यावर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. हसून म्हणाले, "कोऱ्या डब्यावर वाचता? अहो, वाचता येत नाही तर विचारायचं. मॅडमनी चार अक्षरं शिकवली म्हणजे झालं का?" दुसऱ्या दिवसापासून चाचांची ड्युटी गेटवर, उन्हात.

माझे सगळेच जीव मेलेले नव्हते, हे पुढच्या काही दिवसांत कळलं. मी आशा सोडली नव्हती. गोडं पाणी थेंबाथेंबानं सोडत बसले, एकदम सोडलं तर फुटून मरतील म्हणून. एका दुपारी भिंगाखाली एकाची शेपटी हलली. मग दुसऱ्याची. सगळे उठले नाहीत, पण बरेच उठले. खळग्यातलं पाणी आटून मिठाचा चिखल व्हायला आला की हे असेच निपचित पडत असणार आणि लाट आली की उठत असणार. माझ्या प्रबंधातलं सगळ्यात चांगलं प्रकरण तेच. त्यात वाक्य आहे: 'क्षारता अचानक वाढवण्यात आली.' कोणी वाढवली ते नाही. शास्त्राच्या भाषेत कर्ता लिहावा लागत नाही, ही सोय मला तेव्हा फार उपयोगी पडली. पीएचडी झाली. मी कायम झाले.

चाचांनी त्या दिवसानंतर काही वाचलं नाही. मी गेटमधून आत येताना सलाम करत, मी मान खाली घालून जात असे. कोणी पत्ता विचारत चिठ्ठी पुढं केली तर म्हणत, "अपनेकू नहीं आता भाऊ." एकदा मी सूचना फलकाजवळ उभी होते, तेव्हा माझ्यासमोर त्यांनी एका पोराला विचारलं, "ये क्या लिखेला है रे?" मोठ्या ठळक अक्षरात 'सुट्टी' लिहिलं होतं. मला माहीत होतं त्यांना ते येतं. त्यांनाच आता खात्री नव्हती. पुढं कंत्राट बदललं, त्यांचं नाव आलं नाही. वडीगोद्रीला मुलाचं टायर-पंक्चरचं दुकान आहे, तिकडं गेले असं कळलं. कोणी पाठीमागून 'मॅडम' म्हणून हाक मारली की पुढं कितीतरी वर्षं मला वाटायचं, आता कोणीतरी डब्याबद्दल विचारणार. कोणी विचारलं नाही. कोणाला विचारायचंच नव्हतं.

ह्या उन्हाळ्यात अंबडच्या स्टँडवर उभी होते. शेजारी एक म्हातारा माणूस कॉलेजच्या पोरीला विचारत होता, "बेटी, वडीगोद्री येच क्या?" बसच्या काचेवर वडीगोद्री हाताएवढ्या अक्षरात. आवाजानं ओळखलं.

"चाचा, पाटी वाचा की."

त्यांनी वळून बघितलं, ओळखलं, तोंडभर हसले. "अरे मॅडम! अपनेकू कहाँ आता. एक बार पढ़ने गया, तुमचे जनावरं मारले मैंने."

माझी बस ती नव्हती. मी चढले आणि त्यांच्या शेजारी बसले. गाडी गावाबाहेर पडली. मग मी एका दमात सगळं सांगितलं.

चाचा समोरच्या सीटचा दांडा धरून ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "मतलब डब्बा कोरा नव्हता."

"नव्हता."

"क्या लिखेला था?"

"मीठ पाणी. तुम्ही मीठा वाचलं. मीच फोनवर मीठा म्हणाले होते."

"मीठ मतलब नमक. वो मालूम है मेरेकू." मग म्हणाले, "एक काना जास्ती पकड़ा मैं."

"हो. तेवढंच."

"पुसलं कशानं?"

"स्पिरिटनं."

"वो स्पिरिट की बाटली मैंच लाके रखता था." एवढं बोलून खिडकीकडं तोंड केलं. मी म्हणाले, माफ करा. मला वाटलं, उतरताना तरी काही बोलतील. वडीगोद्री आली तसे उठले आणि म्हणाले, "उतरो."

रस्त्याच्या कडेला दुकान. मुलगा ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता. "मोहसिन, वो रख. बहू को भी बुला." सून पदराला हात पुसत आली. दुकानात ट्रकचा एक क्लीनर बसला होता, त्यालाही उठू दिलं नाही. "बैठ तू भी. मॅडम कालेज में बड़े मॅडम हैं. बोलो मॅडम."

मी पुन्हा सांगितलं. सून म्हणाली, "अब्बा, आता काय करायचं त्याचं? बसू द्या त्यांना, चहा करते."

"चाय होईल. तू आधी ऐक. मोहसिन, तू क्या बोलता था? अब्बा को अक्षर दिखते नहीं, भूत दिखते." मुलगा मान खाली घालून ट्यूब चोळत होता. चाचा माझ्याकडं वळले. "साहब कहाँ हैं अब?"

"रिटायर झाले. जालन्याला असतात."

"जिंदा हैं ना? मंग चलो."

मी म्हणाले, मी एकटी जाऊन सांगते. ते म्हणाले, "नक्को. मेरे सामने उनो बोले थे, मेरे सामनेच बोलो." मला वाटलं होतं, सांगितलं की सुटले. तसं नसतं. पुढच्या रविवारी आम्ही दोघं सरांच्या दारात उभे होतो. चाचांनी इस्त्रीचा सदरा घातला होता, डोक्यावर नवी टोपी.

सरांनी दार उघडलं. थकलेत आता, कानाला यंत्र आहे. मला बघून आनंदले. चाचांकडं बघून कपाळाला आठ्या घातल्या, मग म्हणाले, "हां हां! गेटवर होते ना हे?"

चाचा म्हणाले, "गेट के पहले कहाँ था, साहब?"

सरांनी आठवून बघितलं. "पहिल्यापासून गेटवरच की."

त्यांना काहीच आठवत नव्हतं. डबा नाही, पाणी नाही, ते हसणं नाही. आम्ही दोघांनी ती सकाळ इतकी वर्षं उराशी धरली होती आणि ज्यांच्या धाकानं मी खोटं बोलले त्यांच्याकडं तिचा मागमूस नव्हता. म्हणजे चाचांना निर्दोष ठरवायचं तर आधी त्यांच्यावर आळ होता, हेच मला सांगावं लागणार होतं. वाटलं, म्हणावं, सहज आलो होतो सर, भेटायला. पाच मिनिटं बसून निघता आलं असतं.

चाचा खुर्चीच्या कडेवर बसले आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "बोलो मॅडम. शुरू से."

मी तोंड उघडलं आणि विद्यापीठाच्या मुक्कामापासून सुरुवात करायला लागले. त्यांनी हात वर केला. "वो बाद में. डब्बे का पहले बोलो."

"सर," मी म्हणाले, "डबा कोरा नव्हता."

"कोणता डबा?" सरांनी कानाचं यंत्र नीट बसवत विचारलं.

मी आवाज वाढवला आणि सांगायला लागले.